गाऱ्हाणे कोणाच्या दारी?

विधिमंडळाच्या कामकाजाविषयी या सदरात लिहिल्यापासून श्रीवर्धन ते सावंतवाडी या पट्ट्यातून बरीच पत्रे आली आहेत. पत्रे वेगवेगळी असली, तरी त्यांतले दुखणे बहुधा एकच आहे: आमदारांना निवेदन दिले, त्यांनी शिफारसपत्र दिले, आणि पुढे काही हलले नाही. त्यांतील पाच पत्रे निवडून उत्तरे देत आहे. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : पायदळात चोवीस वर्षे नोकरी करून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. निवृत्तिवेतनाचे काम संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीकडे गेल्यानंतर माझ्या सेवेची वर्षे कमी नोंदली गेली असल्याचे लक्षात आले. आमदारसाहेबांकडे दोनदा कागद दिले. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे त्यांचे पत्रही मिळाले. वर्ष उलटून गेले. आता काय करावे? (एक माजी सैनिक, खेड तालुका)

उत्तर : आपण गाऱ्हाणे घातले, पण ते वेगळ्याच देवळात घातले, असे नाइलाजाने म्हणावे लागते. संरक्षण दले आणि केंद्राची निवृत्तिवेतने हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचे, म्हणजे केवळ केंद्राच्या अधिकारातले, विषय आहेत. विधानसभेत त्यांवर प्रश्न दिला, तरी तो राज्य शासनाच्या अखत्यारीतला नाही म्हणून स्वीकारला जात नाही. आमदारांचे पत्र खोटे नव्हते, परंतु ज्या टेबलावर ते गेले त्या टेबलाला त्याचे उत्तर देण्याचे बंधन नव्हते. हे त्यांनी आपल्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते, आणि माझ्या मते लोकप्रतिनिधीच्या कामाची खरी परीक्षा तेथेच होते.

सेवेच्या कालावधीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आहे. त्यांनी दुरुस्ती कळवल्यानंतर प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रकांचे निवृत्तिवेतन कार्यालय सुधारित आदेश काढते. त्यामुळे डिस्चार्ज बुक आणि मूळ पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) यांच्या प्रती जोडून पहिला अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे करावा, त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना द्यावी आणि स्पर्शवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. ही दुरुस्ती टाळण्यासारखी नाही. ‘वन रँक वन पेन्शन’ ही पद आणि सेवेची वर्षे या दोन गोष्टींवरच ठरते. 1 जुलै 2014 पासून ती लागू झाली आणि दर पाच वर्षांनी तिचा फेरआढावा होतो. मूळ नोंदीत वर्षे कमी असतील, तर प्रत्येक फेरआढाव्यात तीच चूक पुढे सरकत राहते. आपल्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा हिशेबही त्याच नोंदीवरून होईल. कार्यालये दाद देत नसतील, तर खासदारांकडे जावे, कारण संरक्षण मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा मंच संसद हा आहे. शेवटचा मार्ग 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा आहे. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे, त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही.

मग माजी सैनिकांसाठी आमदारांच्या हाती काहीच नाही का? पुष्कळ आहे, पण ते क्वचितच मागितले जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे राज्य शासनाचे कार्यालय आहे. तेथील लिपिक आणि गावोगाव फिरून वीरपत्नींचे, वृद्ध सैनिकांचे कागद पुरे करणारा कल्याण संघटक यांची पदे भरलेली आहेत की रिकामी, हे राज्य शासनानेच सांगायचे असते. राज्याच्या गट क आणि गट ड पदांच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे, आरक्षण आहे. योग्य उमेदवार मिळाला नाही, की ती जागा त्या त्या प्रवर्गातील इतर उमेदवाराकडे जाते. जिल्ह्यातील मागील भरतीत माजी सैनिकांसाठी किती जागा होत्या, त्यांपैकी किती माजी सैनिकांनी भरल्या गेल्या आणि उरलेल्या का भरल्या नाहीत, एवढा एकच तारांकित प्रश्न आमदारांनी विचारला, तर दहा शिफारसपत्रांनी होणार नाही इतके काम होईल. मंत्र्यांना सभागृहात उभे राहून आकड्यांसह उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते. आपला प्रश्न तारांकित असावा, असा आग्रह धरायला हरकत नाही.

कोकणाला हे नवे नाही, एवढे जाता जाता नोंदवतो. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन निवृत्तिवेतनधारकांच्या दापोलीत राहिले. महारांची सैन्यभरती इंग्रज सरकारने थांबवली, तेव्हा तिच्याविरुद्ध 1894 मध्ये त्यांनी सविस्तर अर्ज तयार केला, आणि पुढच्याच वर्षी महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी ती खपवून घेतली नाही. माजी सैनिक, अर्जदार आणि लोकप्रतिनिधी या तिन्ही भूमिका एकाच माणसाने या जिल्ह्यांत सव्वाशे वर्षांपूर्वी निभावल्या आहेत.

प्रश्न : माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे असे ऐकतो. आमच्या ग्रामपंचायतीत मात्र ‘असा आदेश आलेला नाही’ असे उत्तर मिळते. (माजी सैनिकाची पत्नी, गुहागर तालुका)

उत्तर : आदेश आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक व सैनिक विधवांसाठीची ही सन्मान योजना राज्याने 2020 मध्ये लागू केली. सवलत राज्यातील एका निवासी मालमत्तेपुरती मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पात्रतेचे प्रमाणपत्र घ्यावे, ते अर्जासोबत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. तोंडी नकारावर कोणतेही अपील चालत नाही. लेखी नकार हाती आला, की गटविकास अधिकाऱ्यांकडे जाता येते. एवढ्यासाठी आमदारांची वाट पाहण्याची गरज नाही.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. दर वर्षी जूनमध्ये तलाठी नोटीस आणून देतात, की अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. सुरक्षित ठिकाण कोणते, ते नोटिशीत लिहिलेले नसते. आम्ही शाळेत जाऊन झोपतो आणि ऊन पडले की परत येतो. पुनर्वसनाचे आश्वासन मिळून कितीतरी पावसाळे गेले. आमदारांनी नेमके काय करायला हवे आणि आम्ही काय? (पोलादपूर तालुक्यातील ग्रामस्थ)

उत्तर : आपल्या पत्रातील शाळेत झोपण्याचे वाक्य वाचून काही काळ पुढे लिहिवले नाही. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातील दासगाव आणि जुई येथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 रोजी त्याच तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी गाडली गेली. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी शासनानेच सांगितले. ज्यांचे नाव यादीत आहे त्यांना नोटीस मिळते, ज्यांचे नाही त्यांना तीही मिळत नाही. नोटीस म्हणजे सुरक्षा नव्हे, ती प्रशासनाने आपल्या फाइलमध्ये ठेवलेली पोच असते, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. आमदार या रचनेत नाहीत. लोकांनी निवडून दिलेला माणूस प्राधिकरणात असावा म्हणून सहअध्यक्षपद ठेवले गेले, परंतु 2022 मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर दीर्घ काळ प्रशासक बसले आणि त्या काळात ही लोकनियुक्त खुर्ची रिकामी राहिली. त्याच वर्षांत कोकणाने मोठे पावसाळे काढले. या रिकामेपणाबद्दल सभागृहात फारसे बोलले गेले नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

प्राधिकरणाला जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करावा लागतो आणि दर वर्षी त्याचा फेरविचार करून तो अद्ययावत करावा लागतो. आपली पहिली पायरी हा आराखडा मिळवण्याची आहे. आपल्या वाडीचे नाव त्यात कोणत्या वर्गात आहे, स्थलांतराचे ठिकाण कोणते दाखवले आहे, तेथे शौचालय, पाणी आणि वीज यांची काय व्यवस्था लिहिली आहे, हे पाहावे. भूवैज्ञानिकांनी वाडीची पाहणी केली असेल, तर तो अहवालही मागावा. सरळ मागून मिळाला नाही, तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात, विनंतीचा मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ग्रामसभेत ठराव करून तो अर्जासोबत जोडला, तर उत्तम. एकट्याच्या अर्जापेक्षा ठरावाला उत्तर देताना कार्यालय अधिक सांभाळून लिहिते.

दुसरी पायरी आमदारांची, आणि तेथे त्यांना ‘लक्ष घाला’ एवढेच सांगू नये. हातात कागद ठेवून सांगावे, की या वाडीच्या पुनर्वसनासाठी जमीन निश्चित झाली आहे का, ती वनखात्याची आहे की खासगी, मोबदल्याची रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून द्यायची आहे आणि ती कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पात होती, या चार बाबींवर लक्षवेधी सूचना द्यावी. लक्षवेधी लागली, तर मंत्री निवेदन करतात, आणि त्या निवेदनात ‘सहा महिन्यांत निर्णय घेऊ’ अशा प्रकारचे वाक्य आले, की ते सभागृहातील आश्वासन होते. तेथून पुढचे काम आश्वासन समितीचे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली वचने काढून त्यांची पूर्तता झाली की नाही, हे विभागाच्या सचिवांना बोलावून विचारणारी ही विधिमंडळाची समिती आहे. बातम्यांत ती फारशी दिसत नाही. गावात येऊन व्यासपीठावरून दिलेले वचन मात्र या समितीपुढे जात नाही, म्हणून मंत्री जे सांत्वनभेटीत बोलले ते सभागृहात वदवून घेणे, हेच आमदारांचे कसब मानावे.

पैशाचाही प्रश्न आहे. आपत्तीनंतरची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते आणि त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25 टक्के असतो. पण हा निधी मुख्यतः तातडीच्या मदतीचा आहे. आमदारांच्या वार्षिक पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतून सबंध वाडी दुसरीकडे वसवणे शक्य नाही. त्यासाठी पुरवणी मागण्यांत तरतूद लागते किंवा विभागाच्या अर्थसंकल्पात. तळीयेच्या घरांचे काम म्हाडाकडे आले आणि तोवर माणसे कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिली, हे सर्वांनी पाहिले. दरड कोसळल्यानंतर जी यंत्रणा जमीन शोधते, तीच दरड कोसळण्याआधी का शोधत नाही, हा प्रश्न आपल्या आमदारांनी विचारला, तर तो एका मतदारसंघाचा राहणार नाही.

आणि तोवर शाळेत झोपावे लागणार असेल, तर निदान ती शाळा दरडीच्या वाटेत नाही ना, एवढे यंदा आराखड्यात लेखी नोंदवून घ्या.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्या होड्या आणि घरांची कौले गेली, पुढच्या वर्षी तौक्ते आले. चक्रीवादळ निवारे, जमिनीखालून वीज, नवे बंधारे अशी बरीच नावे ऐकली. गावाजवळचा खारबंधारा मात्र उधाणाला फुटतो आणि भातशेतीत खारे पाणी शिरते. दाद कोणाकडे मागायची? (मच्छीमार सोसायटीच्या सभासद, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : निसर्ग वादळ 3 जून 2020 रोजी आपल्याच किनाऱ्यावर येऊन धडकले आणि मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले. आपण ऐकलेली नावे राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील आहेत. महाराष्ट्राचा समावेश याच टप्प्यात झाला आणि निवारे, भूमिगत वीजवाहिन्या व खारबंधारे हे त्यातले मुख्य घटक आहेत. त्यामुळे आपला बंधारा या प्रकल्पात घेतला आहे की नाही, हे पहिल्यांदा विचारावे. घेतला नसेल, तर तो महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम 1979 खालील शासकीय योजनेत आहे की खासगी, हे पाहावे लागते. शासकीय असेल, तर देखभालीची जबाबदारी खारभूमी विभागाची. खासगी असेल, तर जुन्या पद्धतीप्रमाणे शेतकऱ्यांनीच डागडुजी करायची, असे उत्तर मिळेल, आणि बहुतेक गावे नेमकी येथेच अडतात. खासगी बंधारा शासकीय योजनेत घेण्याचा निर्णय धोरणाचा आहे. त्यासाठी आमदारांनी विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवरील चर्चेत नावानिशी बंधारा मांडायला हवा.

निवाऱ्याबद्दल एक सूचना. इमारत बांधून झाली, म्हणजे निवारा झाला असे नाही. किल्ली कोणाकडे आहे, जनित्राला तेल कोण भरते, पावसाळ्याबाहेर तिचा वापर कशासाठी होतो, हे ग्रामसभेने विचारावे. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्यानंतर किल्लीवाल्याला शोधत फिरण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी चिपळूणला महाविद्यालयात शिकतो. तिवरे धरण फुटले तेव्हा चौकशी झाली, सावित्रीचा पूल पडला तेव्हाही चौकशी झाली. या चौकशांचे पुढे काय होते, हे पाहण्याचे काम आमदारांचे नाही का?

उत्तर : आहे, आणि आपण विचारले हे चांगले केले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल सावित्रीच्या पुरात गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे वाहून गेली आणि ते खेकड्यांनी पोखरले असे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले. त्या विधानाची चेष्टा पुष्कळ झाली. मात्र धरणाला गळती असल्याची ग्रामस्थांची तक्रार कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती, या प्रश्नाकडे त्या चेष्टेत दुर्लक्ष झाले, असे मला वाटते.

चौकशीचा प्रकार कोणता, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. चौकशी आयोग अधिनियम 1952 खाली आयोग नेमला असेल, तर त्याचा अहवाल आणि त्यावर केलेल्या कार्यवाहीचे ज्ञापन सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवणे शासनावर बंधनकारक आहे. तिवऱ्यासाठी नेमले गेले तसे विशेष तपास पथक किंवा खात्यांतर्गत समिती असेल, तर हे बंधन नसते. अहवाल मंत्रालयातच राहू शकतो. म्हणून दुर्घटनेनंतर ‘चौकशी करा’ अशी मागणी करणारा आमदार आणि ‘1952 च्या कायद्याखाली चौकशी करा’ अशी मागणी करणारा आमदार यांत मोठे अंतर आहे.

याखेरीज भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल विधिमंडळात येतात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, त्यामागचा हेतू आपल्या ध्यानात येईल. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या हिशेबासाठी पंचायत राज समिती आहे आणि ती जिल्ह्यांचे दौरेही करते. आपल्या आमदारांचे नाव यांपैकी कोणत्या समितीत आहे, हे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. सभागृहाची कार्यवृत्तेही तेथे प्रसिद्ध होतात. तिवऱ्यावर किंवा सावित्रीच्या पुलावर कोणी काय विचारले, हे वर्तमानपत्रावर विसंबून न राहता तेथे शोधावे. काय सापडले ते कळवल्यास या सदरात अवश्य घेऊ.

या पाच पत्रांखेरीज मालवणच्या एका निवृत्त नौसैनिकांनी, गावातील माजी सैनिकांना पावसाळी आपत्तीच्या कामात कसे घेता येईल, असे विचारले आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आपत्तीतील स्वयंसेवकांची यादी असते. या दोन याद्या एकमेकींना भेटतात का, हे आमदारांनी मान्सूनपूर्व आढावा बैठकीत विचारावे. पोहणारे, बिनतारी संदेश जाणणारे, इंजिन दुरुस्त करणारे अशी नावे वेगवेगळी लिहून अर्ज मार्चमध्येच द्यावा, कारण मे महिन्यातील बैठकीपर्यंत आराखड्याचा मजकूर बहुधा पक्का झालेला असतो.